गाडीचे आवाज – 9 : डिफरन्शियल उघडण्याआधी

पुढच्या चाकांचा सीव्ही जॉइंट या आठवड्यात घ्यायचा होता, पण तो थोडा थांबू दे. जुन्नरहून एका वाचकाचं पत्र आलंय, त्याचं उत्तर तातडीचं आहे. त्यांची बोलेरो पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की मागून 'खट्ट' करते, रिव्हर्स घेताना पुन्हा 'खट्ट'. गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच 'क्राउन-पिनियन गेलंय' म्हणून मोठा खर्च सांगितलाय. थांबा, डिफरन्शियल अजून उघडू देऊ नका.

गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंत कुठेतरी ढिलाई साचली, की जोराची दिशा उलटताना ती एकदम भरून निघते. तोच हा ठोका. पण ढिलाई कुठे आहे हे कानाला कळत नाही. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे लांब पोकळ नळी, एका टोकाचा ठोका ती सगळ्या बॉडीला ऐकवते. इथे हातच खरे.

गाडी सपाट जागी, इंजिन बंद, न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका. बोलेरो उंच आहे, जॅक न लावताही हात पोचतो. एका हाताने शाफ्टचा योक आणि दुसऱ्याने डिफरन्शियलचा फ्लँज धरून उलटसुलट पिळा. दोघांच्या मध्ये जराही खेळ जाणवला तर त्यांना जोडणारा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) गेला. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला खेळ लागतच नाही; 'थोडं चालतं' हे इथे मान्य करू नका. गिअरबॉक्सकडचा क्रॉसही असाच बघा. मागचा योक आणि फ्लँज एकजीव हलत असतील, तर ढिलाई डिफरन्शियलच्या पोटात. पण तिथे थोडी हवीच. क्राउन आणि पिनियनच्या दातांमध्ये साधारण 0.15 ते 0.2 मिमी फट मुद्दाम राखतात, आतल्या छोट्या गिअरांची तीत भर पडते, आणि शाफ्टवर सगळं मिळून काही अंश फिरतं. तेवढ्यावरून कुणी डिफरन्शियल उघडू नये.

क्रॉसच्या कपांभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आतल्या सुया ग्रीसविना गंजल्या. असा क्रॉस ठोके द्यायच्या आधी कमी वेगात 'चीं-चीं' करत असतो.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. क्रॉस बदलायला शाफ्ट उतरवण्याआधी फ्लँजवर आणि स्लिप जॉइंटच्या दोन्ही भागांवर पंचने खूण करून घ्या. खडूची खूण पुसली जाते. क्रॉसने जोडलेला शाफ्ट कोनात एकसारखा फिरत नाही. कोन 10 अंशांचा असेल, तर दर फेरीत तो दोनदा सुमारे दीड टक्का पुढे पळतो आणि दोनदा तेवढाच मागे पडतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस ही तफावत भरून काढतो, पण दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असले तरच. स्लिप जॉइंट एक-दोन दाते चुकवून बसवला, की नवाकोरा क्रॉस असूनही गाडी थरथरते, आणि मालक बिचारा व्हील बॅलन्सिंग करत हिंडतो. मेकॅनिकने खूण केली का, हे उभं राहून बघा.

ठोका गाडी थांबल्यावर क्षणभराने येत असेल, तर आधी स्लिप जॉइंटला ग्रीस भरा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. मागच्या पाट्यांचे यू-बोल्टही आवळलेले आहेत ना, ते बघा.

जुन्नरच्या वाचकांनी दोन्ही क्रॉस पिळून बघावेत आणि काय आढळलं ते कळवावं. खर्चाला तोवर होकार देऊ नये. सीव्ही जॉइंट पुढच्या आठवड्यात.