विसाव्याचा वार आणि देवगिरीचे तट

जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीच्या बाजूच्या कुटुंबांनी एखाद्या रविवारी सहकुटुंब पाहून यावे असे प्राचीन तटबंद नगर म्हणजे देवगिरी ऊर्फ दौलताबाद. छत्रपती संभाजीनगर ओलांडून वेरूळच्या वाटेस लागले की त्याचा डोंगर दृष्टीस पडतो.

बाराव्या शतकाच्या अखेरीस यादवराजा पाचवा भिल्लम याने येथे राजधानी वसविली. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला. १३२७ साली महंमद तुघलकाने आपली राजधानी दिल्लीहून येथे आणिली. अंबरकोट, महाकोट व काळाकोट असे एकाआत एक तट, ताशीव कड्याभोवती खंदक आणि पुढे ती काळोखी ‘अंधारी’! तेथे सोबत्याच्या हाताचे मोल कळते.

याच किल्ल्याचे अधिकारी जनार्दनस्वामी. पैठणचे एकनाथ त्यांचे शिष्य. स्वामींच्या दत्तोपासनेसाठी दर गुरुवारी किल्ल्याची कचेरी बंद राहत असे, असे परंपरा सांगते. म्हणजे साप्ताहिक विसाव्याची चाल या तटांआड नवी नव्हे. पुढे मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने.

परंतु आपल्या घरच्या चुलीस ती मिळाली आहे काय? पुरुषांचा रविवार म्हणजे बहुधा स्वयंपाकघरात दुप्पट काम! म्हणून या सहलीची शिदोरी पुरुषांनीच बांधावी. वडीलधाऱ्यांस चढण झेपत नसेल तर चांदमिनाराजवळच निवांत बसावे. माथा गाठण्याचा हट्ट नको. घरातील सर्वांस लाभला, तरच तो खरा विसावा.