साडेतीन सेकंदांत काय काय होतं!

२४ मार्च २०२३, शुक्रवार, सकाळी १०.३१. ग्वाल्हेरच्या आग्नेयेला २८ किलोमीटरवर, जमिनीत १० किलोमीटर खोल, खडक सरकला. तीव्रता ४, म्हणजे भूकंप तसा लहानच. पण वेळ बघा: कॉलेजं भरण्याची! ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठात तिसऱ्या मजल्यावर एखादी मुलगी वर्गात बसली असेल, तर तिच्या हाताशी नेमका किती वेळ होता?

हे चक्क मोजता येतं. खडक सरकला की एकाच क्षणी दोन लाटा निघतात. पी-लाट खडकाला पुढे-मागे दाबत जाते. इंजिनाने ढुसणी दिली की मालगाडीच्या डब्याडब्यातून धक्का सरकत जातो, अगदी तशी. वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर. मागून येते ती एस-लाट, सेकंदाला साडेतीन किलोमीटरने, जमीन आडवी हलवत. नासधूस मुख्यतः ही करते. का बरं? इमारत जन्मभर वजन पेलते ते वरून खाली येणारं. आडवा हिसका तिच्या सवयीचाच नसतो!

म्हणजे घातक लाटेच्या आधी सौम्य लाट येऊन खिडक्या थरथरवते, आणि हे दर भूकंपात घडतं. अंतर वाढेल तशी दोघींमधली फट रुंदावते, दर ८ किलोमीटरला साधारण १ सेकंद. मग २८ किलोमीटरला? जेमतेम साडेतीन सेकंद.

एवढ्यात तीन जिने कोण उतरणार? पण बाकाखाली शिरणं जमतं. हिंदीत शिकवतात ते ‘झुको, ढको, पकड़ो’ इतक्याच वेळात बसतं. गुडघ्यांवर खाली, डोकं आणि मान टेबलाखाली, आणि टेबलाचा पाय घट्ट धरायचा. पाय कशाला? अहो, हादऱ्यात टेबलही सरकत जातं! धरलं नाही तर ते एकीकडे आणि तुम्ही उघड्यावर.

आता केंद्र हिमालयात न्या, ग्वाल्हेरपासून ४०० किलोमीटरवर. तिथे मोठा भूकंप झाला, तर एस-लाटेला शहर गाठायला जवळपास दोन मिनिटं लागतील. इतक्या लांबून ती काय करणार, असं वाटतं ना? १९८५ साली मेक्सिको सिटी उद्ध्वस्त झाली, तेव्हा केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर होतं. लांबवर टिकतात त्या संथ लाटा. त्या बहुमजली इमारतींना झोके देतात आणि मऊ गाळात आणखी फुगतात. ग्वाल्हेरचा किल्ला वालुकाश्माच्या टेकडीवर आहे. सपाटीवर, गाळाच्या जमिनीवर बांधलेल्या उंच वसतिगृहाची गोष्ट वेगळी.

पण ती दोन मिनिटं वापरायची तर खबर लाटेच्या पुढे धावायला हवी. आणि धावते! रात्री वसतिगृहात चार्जिंगला लावून ठेवलेले अँड्रॉइड फोन आठवा. प्रत्येकात हालचाल टिपणारा इवलासा सेन्सर असतो. हिमालयाच्या पायथ्याशी असे असंख्य फोन एकाच वेळी थरथरले, की सर्व्हर ओळखतो: हा भूकंप. इशारा पुढे जातो तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने, लाट अजून वाटेतच असते. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झाली. खिशातलं भूकंपमापक! मला तरी याहून थक्क करणारं यंत्र आठवत नाही.

मात्र २८ किलोमीटरवरच्या हादऱ्यात इशारा पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असू शकतं. तिथे उपयोगी पडते आधी करून ठेवलेली तयारी. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत फळीच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी ठोकली, तर आम्लाच्या बाटल्या घसरून खाली येत नाहीत. गॅसची मुख्य चावी कुठे आहे, हे शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक हवं. हादरे थांबले की लिफ्ट सोडून जिन्याने खाली, झाडं-तारा-भिंतींपासून लांब मैदानात. परत आत जायचं नाही, कारण मागून छोटे धक्के येतच राहतात आणि तडकलेली भिंत त्यातच कोसळते. आणि मैदानात पहिलं काम हजेरी. कोण बाहेर आलं नाही आणि ते कुठल्या खोलीत होतं, एवढं कळलं की बचाव पथक सगळी इमारत न धुंडाळता थेट त्या खोलीकडे जातं.