बोटांमधला पावसाळा

ऑफिसमधल्या मित्राच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. नवा शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात गिफ्ट असा मी एकदम टकाटक पोचलो. दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग! वहिनी म्हणाल्या, "भावोजी, पाय धुऊन आरतीला या ना." झालं! मोजे काढायचे म्हणजे तो वास, आणि बोटांच्या बेचक्यातली ती पांढरी, भिजलेली, चिरलेली कातडी अख्ख्या टीमसमोर. "अर्जंट कॉल आहे" अशी थाप मारून मी दारातूनच प्रसाद घेतला आणि पळालो.

घरी आल्यावर आईने पाय बघितले आणि हसलीच. "अरे, या तर चिखल्या! गावाला लावणीच्या दिवसांत सगळ्यांनाच व्हायच्या. तू कुठल्या चिखलात उतरलास?"

प्रश्न बरोबर होता. माझा चिखल माझ्या बुटांतच होता. सकाळची 8.12ची लोकल, एसी ऑफिस, रात्री नऊला घर. म्हणजे तेरा तास बंद बूट, तेही पावसात भिजलेले. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात हवा शिरायला जागाच नसते. घाम साचतो, कातडी फुगून पांढरी पडते आणि चिरते. अशा ओलाव्यात फंगसची चंगळ. कातडीतलं केराटिन हेच त्याचं जेवण!

ती जादूची ट्यूब

इथे मी तेच केलं जे आपण सगळेच करतो. केमिस्टकडे जाऊन "खाजेवर काहीतरी द्या" म्हटलं. दोन दिवसांत खाज गायब! ट्यूब बंद केली, आठवड्यात पुन्हा हजर. जून ते ऑगस्ट, चार ट्यूब संपल्या. मग मांडीवर गोल चट्टा उठला. आणि एक दिवस आई म्हणाली, "माझ्याही बोटांत खाजतंय रे."

बाथरूमबाहेरचं पायपुसणं आमचं एकच. आणि आईला बारा वर्षांपासून डायबेटिस आहे.

दुसऱ्याच दिवशी दोघंही स्किनच्या डॉक्टरांकडे. माझी ट्यूब बघून त्यांनी कपाळाला हात लावला. तिच्यात तीन औषधं होती : अँटिफंगल, अँटिबायोटिक आणि स्ट्राँग स्टिरॉइड. स्टिरॉइड खाज दाबतं, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबतं. वरून बरं वाटतं, आत फंगस पसरत राहतं. 2018 साली सरकारने अशी अनेक स्टिरॉइड्स चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी मला ट्यूब मिळालीच ना!

आईबद्दल त्या जास्त गंभीर होत्या. डायबेटिसमध्ये पायाची संवेदना कमी होऊ शकते, चीर पडलेली कळतही नाही. त्या चिरेतून बॅक्टेरिया शिरले की पाय लाल होऊन सुजतो, ताप येतो, कधी थेट अॅडमिट व्हावं लागतं. ऐकून माझा घसा कोरडा पडला. लाज माझी आणि धोका तिला!

मग केलं काय?

डॉक्टरांनी कातडी थोडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितली. फंगसच निघालं. (कधीकधी बॅक्टेरियाही असतात, किंवा नुसता ओलावा. म्हणून आधी तपासणी.) आम्हा दोघांना टर्बिनाफाइनचं साधं क्रीम मिळालं. अट एकच : बरं वाटलं तरी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. बाकीचं काम घरचंच :

• आंघोळीनंतर प्रत्येक बेचकं वेगळ्या टॉवेलने कोरडं करा.

• मोजे सुती, रोज धुतलेले. आणि गंमत म्हणजे अंडरवेअरच्या आधी मोजे घाला! नाहीतर पायाचं फंगस जांघेत जातं.

• बुटांचे दोन जोड ठेवा. एक वापरा, दुसरा वाळू द्या. ऑफिसात डेस्कखाली सँडल ठेवा.

• पायपुसणं, टॉवेल, चपला प्रत्येकाच्या वेगळ्या.

• पाय सुजला, लाल-गरम झाला, पू किंवा ताप आला तर क्रीम लावत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. डायबेटिस असेल तर पहिल्या चिरेलाच.

आणि मुंबईकरांनो, चिरलेल्या पायांनी तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलात तर डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच चिरांतून शिरतात. 2005च्या 26 जुलैनंतर शहराने ते भोगलंय.

महिन्याभरात माझी बोटं कोरडी झाली. आईचीही. आमच्या बाथरूमबाहेर आता दोन पायपुसणी आहेत, माझं निळं आणि तिचं लाल. गणपतीत त्याच मित्राकडे गेलो तेव्हा दारातच मोजे काढले, पाय धुतले आणि थेट आरतीला पहिल्या रांगेत उभा राहिलो. वहिनी म्हणाल्या, "आज कॉल नाही वाटतं?"