चौकटीत मावलेला अजिंठा

अजिंठ्याची चित्रे लेण्यांत उभे राहून पाहिलेल्या माणसांपेक्षा ती कागदावर पाहिलेल्या माणसांची संख्या कितीतरी मोठी आहे. पाठ्यपुस्तकाचे पान, टपालाचे तिकीट, रेल्वेचे व पर्यटन खात्याचे भित्तिपत्रक, भिंतीवरची दिनदर्शिका, पैठणीच्या दुकानाची जाहिरात आणि आता मोबाइलचा पडदा अशा अनेक वाटांनी ही चित्रे घरोघर पोचली आहेत. त्यामुळे गेल्या दोनशे वर्षांतील अजिंठ्याचा इतिहास हा बराचसा त्याच्या नकलांचा, छायाचित्रांचा आणि छपाईचा इतिहास आहे. या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी दोन गोष्टी ठरवल्या : भिंतीचा कोणता तुकडा चौकटीत घ्यायचा आणि त्या तुकड्याखाली कोणते नाव लिहायचे. प्राचीन भारतीय माणूस दिसायला कसा होता, त्याची कांती कशी होती, त्याच्या स्त्रिया कशा नटत, तो किती विरागी आणि किती विलासी होता, याविषयीच्या आजच्या समजुती भिंतीपेक्षा या दोन निर्णयांतून अधिक घडल्या आहेत.

मुळात ही चित्रे चौकटीसाठी काढलेलीच नव्हती. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरील सुमारे तीस लेण्यांपैकी नववे व दहावे ही चैत्यगृहे इसवी सनापूर्वीच्या काळातील असून त्यांत तेव्हाच्या चित्रांचे अवशेष आहेत. पहिले, दुसरे, सोळावे आणि सतरावे या विहारांतील, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या लेण्यांतील, प्रसिद्ध चित्रे मात्र पाचव्या शतकातील, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळाच्या आसपासची आहेत. खडकावर माती, भुसा आणि तंतू कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले खनिज रंग, अशी त्यांची घडण आहे; ओल्या चुन्यावर रंगवण्याच्या युरोपीय भित्तिचित्रणाहून ती वेगळी आहे. एका कथेतील प्रसंग एकमेकांना चिकटून येतात, एकच पात्र थोड्या अंतरावर पुन्हा दिसते, आणि दारातून येणारा उजेड दिवसभर सरकत असल्याने पाहणाऱ्यालाही भिंतीबरोबर सरकावे लागते. अशा भिंतीचा एक हातभर भाग उचलून कागदावर ठेवला की कथा तुटते आणि उरते ते व्यक्तिचित्र.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव कोरले, तेव्हापासून या लेण्यांचा आधुनिक बोलबाला सुरू झाला. वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसनच्या आग्रहावरून ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याला नकला करण्यासाठी पाठवले. गिलने जवळपास दोन दशके अजिंठ्यात घालवली, आणि त्याच्या तैलचित्रांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाली. पारो ही स्थानिक तरुणी आणि गिल यांच्या प्रेमकहाणीमुळे, तिच्यावरील ना. धों. महानोरांच्या दीर्घकाव्यामुळे आणि नितीन चंद्रकांत देसाई यांच्या २०१२ मधील चित्रपटामुळे मराठी वाचकाला गिल चित्रकार व प्रियकर म्हणून ठाऊक आहे. छायाचित्रकार गिल त्यामानाने विस्मृतीत गेला. १८६४ साली त्याची लेण्यांची छायाचित्रे फर्ग्युसनच्या मजकुरासह लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत जोडछायाचित्रे होती, म्हणजे दोन डोळ्यांतील अंतराइतक्या फरकाने घेतलेली दोन चित्रे शेजारी ठेवून, भिंगांच्या उपकरणातून पाहिल्यावर खोलीचा भास देणारी. लंडनच्या दिवाणखान्यात बसलेल्या कुटुंबाला दख्खनच्या डोंगरात शिरल्याचा अनुभव या उपकरणाने दिला. त्या काळच्या अशा वास्तुचित्रांत खांबापाशी एखादा स्थानिक माणूस उभा केलेला असे. खांबाची उंची कळावी एवढेच त्याचे काम असल्याने त्याचे नाव, गाव, काम कशाचीही नोंद होत नसे.

त्या माणसाची नोंद झाली ती दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांत, आणि तीही जात व जमात म्हणून. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होते, आणि स्वतः भाऊ दाजींनी पुढे अजिंठ्याचे शिलालेख वाचून प्रसिद्ध केले. याच मुंबईत विल्यम जॉन्सनने शहरातील निरनिराळ्या समाजांचा छायाचित्रसंग्रह १८६३ ते १८६६ या काळात काढला. माणसांची चित्रे एकीकडे आणि पार्श्वभूमीची चित्रे दुसरीकडे घेऊन ती एकत्र छापण्याचे तंत्र त्याने वापरले. म्हणजे देवळापुढे उभे दिसणारे कुटुंब त्या देवळापुढे कधी उभे राहिलेच नव्हते, तरी ‘हे लोक असे आणि येथे राहतात’ असा पुरावा म्हणून ते पान वाचले गेले. १८६८ ते १८७५ या काळात सरकारच्या पाठबळावर निघालेल्या आठ खंडी ‘द पीपल ऑफ इंडिया’ने हीच रीत देशभर लावली; चेहऱ्याखालच्या मजकुरात त्या समाजाचा स्वभाव आणि राजनिष्ठाही सांगितली जाई. जाहिरात ज्या नमुनेदार माणसावर, म्हणजे सगळ्या समाजाच्या वतीने उभ्या केलेल्या एका चेहऱ्यावर, आजही चालते, त्याची पायाभरणी या संग्रहांनी केली.

चित्राखालची ओळ किती दूरवर पोचते हे अजिंठ्याच्या दोन उदाहरणांवरून नीट कळते. पहिल्या लेण्यात एक दरबार रंगवलेला आहे. त्यात टोकदार टोप्या आणि परदेशी अंगरखे घातलेले पुरुष राजापुढे भेटी घेऊन आले आहेत. १८७९ साली फर्ग्युसनने हा प्रसंग चालुक्य राजा दुसरा पुलकेशी आणि इराणचा बादशहा दुसरा खुस्रो यांच्यातील वकिलातीचा असल्याचे मांडले. कल्पना आकर्षक होती, कारण तिने एका धार्मिक भिंतीला राजकीय दस्तऐवजाचा मान दिला, आणि मग इतिहासाच्या पुस्तकांतून ते चित्र पुलकेशीचा दरबार म्हणून पिढ्यान्‌पिढ्या छापले गेले. पुलकेशी सातव्या शतकातील आणि लेणे हरिषेणाच्या काळाच्या आसपासचे, म्हणजे त्यांत सुमारे दीडशे वर्षांचे अंतर आहे. आज बहुतेक अभ्यासक तो प्रसंग बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांतील, म्हणजे जातकांतील, मानतात. तरीही जुनी ओळ पूर्ण पुसली गेलेली नाही. परदेशी व्यापारी भिंतीवर सहज वावरतात ही खरी मोलाची गोष्ट त्या ओळीच्या झगमगाटात मागे पडली.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. सोळाव्या लेण्यातील मान टाकलेल्या, सख्यांनी सावरलेल्या स्त्रीला एकोणिसाव्या शतकात ‘मरणासन्न राजकन्या’ हे नाव मिळाले आणि त्याच नावाने ती जगभर छापली गेली. ही स्त्री मरत नाही. ती सुंदरी, बुद्धाचा भाऊ नंद याची पत्नी, आणि नवऱ्याने भिक्षू होण्याचे पत्करल्याची वार्ता ऐकून ती कोसळली आहे. नंदाचा मुकुट हाती घेऊन आलेला सेवक याच प्रसंगात आहे. मुकुटासह चित्र पाहिले तर प्रश्न उभा राहतो की एकाच्या मुक्तीची किंमत दुसऱ्याने किती मोजायची, आणि तो प्रश्न विहाराच्या भिंतीवर, भिक्षूंच्याच डोळ्यांपुढे रंगवण्याचे धैर्य त्या चित्रकारांनी दाखवले. मुकुट चौकटीबाहेर गेला आणि खाली मरणाची ओळ आली, की उरते एक नाजूक, निमित्त नसलेले स्त्रीदुःख. चौकट आणि ओळ यांनी मिळून केलेला यापेक्षा मोठा अन्याय अजिंठ्याच्या इतिहासात सापडणे कठीण आहे.

रंगांचीही अशीच कथा आहे. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात पेस्तनजी बमनजी आदी विद्यार्थ्यांकडून नकला करून घेतल्या. त्यांतील बऱ्याच १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील आगीत नष्ट झाल्या आणि उरलेल्यांवरून १८९६-९७ मध्ये दोन खंड निघाले. रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळी मूळ चित्रांवर व्हार्निश फिरवले गेले. पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्याने १९२० ते १९२२ या काळात इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा घट्ट बसवण्याचे मोठे काम केले, पण चित्रांवर दिलेला लाखेचा हात वर्षांगणिक पिवळा, तपकिरी होत गेला. गुलाम याझदानी यांच्या १९३० ते १९५५ मधील चार भागांच्या ग्रंथातील रंगीत छायाचित्रे आणि जवाहरलाल नेहरूंच्या प्रस्तावनेसह निघालेला युनेस्कोचा १९५४ चा संग्रह यांनी अजिंठा जगापुढे ठेवला, पण कॅमेऱ्यापुढे होती ती हाच हात दिलेली भिंत. अफगाणिस्तानातील बदख्शानहून आलेल्या लाजवर्दी दगडाचा निळा रंग त्यामुळे दबला, आणि ‘अजिंठ्याचा रंग’ म्हणजे मातकट पिवळा-तांबूस अशी समजूत रूढ झाली. नाट्यगृहांच्या भिंती, हॉटेलांचे दिवाणखाने आणि पडद्यांची कापडे त्याच छटेत रंगू लागली. १९९१ पासून छायाचित्रकार बिनॉय बहल यांनी फ्लॅशशिवाय, अत्यंत मंद उजेडात कॅमेऱ्याचे झडप दीर्घकाळ उघडे ठेवून घेतलेल्या छायाचित्रांनी हिरवा, निळा आणि कांतीच्या सूक्ष्म छटा प्रथमच सामान्य वाचकापुढे आणल्या. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार संगणकाच्या साहाय्याने खराब झालेले भाग भरून काढतात, ते काम डोळे दिपवणारे आहे. मात्र अशा प्रतिमेत भिंतीवर उरलेला भाग कोणता आणि अनुमानाने भरलेला कोणता हे पाहणाऱ्याला कळत राहणे अगत्याचे आहे.

स्वतंत्र भारताला आपला चेहरा हवा होता आणि तो अजिंठ्याने पुरवला. १९४९ च्या टपाल तिकिटांच्या मालिकेत तीन पैच्या तिकिटावर अजिंठा आला. पण सर्वांत अधिक छापला गेला तो पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्व. भिंतीवर तो एकटा नाही. त्याच्याभोवती स्त्रिया, जोडपी, माकडे, मोर आणि खडकांची गर्दी आहे, आणि गाभाऱ्याच्या दाराच्या दुसऱ्या अंगाला दुसरा बोधिसत्त्व, वज्रपाणी, उभा आहे. पर्यटनाच्या भित्तिपत्रकांनी ही सारी वस्ती कातरून फक्त खाली झुकलेले डोळे आणि हातातील कमळ ठेवले. त्यातून ध्यानमग्न, जगापासून अलिप्त भारत ही प्रतिमा पक्की झाली. गर्दीकडे करुणेने पाहणारा माणूस गर्दीच काढून टाकल्यावर विरागी दिसू लागला.

स्त्रीप्रतिमेचा प्रवास मराठी वाचकाच्या अधिक जवळचा आहे. मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातून निघालेल्या शिळाछापांनी देवदेवतांचे चेहरे घराघरांत नेले आणि साबण, बाळांची औषधे विकणाऱ्या कंपन्यांनी अशा चित्रांच्या दिनदर्शिका करून जाहिरात आणि देवघर एका खिळ्यावर टांगले. दुसरा प्रवाह अजिंठ्याच्या रेषेचा होता. नकला करण्यासाठी आलेल्या ब्रिटिश चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर १९०९ ते १९११ मध्ये नंदलाल बोस आदी बंगाली चित्रकार लेण्यांत आले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जगन्नाथ अहिवासी भारतीय शैली शिकवत. या वातावरणातून दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ घडले. १९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केलेल्या परंपरेत दीनानाथ दलालांनी १९४५ पासून ‘दीपावली’तून जी दीपधारी, टपोऱ्या डोळ्यांची, तीन ठिकाणी डौलदार बाक घेतलेली स्त्री उभी केली, तिच्यावर अजिंठ्याची छाया स्पष्ट आहे. कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी १९६६ च्या ‘आम्रपाली’ या चित्रपटासाठी अजिंठ्याच्या चित्रांवरून वेशभूषा रचली, आणि त्यानंतर पडद्यावरची व जाहिरातीतली प्राचीन स्त्री त्याच कंचुकीत आणि अलंकारांत दिसू लागली. दलाल आणि अथैया यांची कामगिरी थोर आहे. त्यांच्या नकलांच्या नकलांनी मात्र एक गोष्ट गाळली, ती म्हणजे त्वचेचा रंग.

अजिंठ्याच्या भिंतीवर गोरी, गव्हाळ, सावळी, हिरवट झाक असलेली आणि गडद काळी माणसे एकाच सज्ज्यात बसलेली आहेत. पहिल्या लेण्यात वज्रपाणीजवळची मुकुटधारी काळी राणी ही सर्व लेण्यांतील अत्यंत देखण्या आकृतींपैकी एक आहे. रंग काळाच्या ओघात काळवंडले हे खरे असले, तरी एकमेकींना लागून असलेल्या आकृतींतील फरक चित्रकाराने हेतुपूर्वक केला आहे हे उघड दिसते. आणि काळी कांती दासींना, गोरी राण्यांना अशी वाटणी त्याने केलेली नाही. महाराष्ट्राच्याच राजधानीत मुख्यालय असलेल्या कंपनीने १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणले, आणि पुढची कित्येक दशके लग्न, नोकरी आणि आत्मविश्वास गोऱ्या कांतीला बांधणाऱ्या जाहिराती चालल्या. जाहिरातक्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने २०१४ साली सावळ्या माणसाला दुःखी वा कमनशिबी दाखवू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि २०२० मध्ये मलमाच्या नावातून गोरेपणा गेला. सौंदर्यप्रसाधने, दागिने आणि साड्या यांच्या जाहिरातींत अजिंठ्याचा केशसंभार आणि बाजूबंद मुक्तहस्ते वापरले गेले. ती काळी राणी तिथे क्वचितच आली. गोरेपणाची ओढ परंपरेतून आली असे सांगून या जाहिरातींचे समर्थन केले जाते, तेव्हा परंपरेचा सर्वांत मोठा चित्रित पुरावा त्याविरुद्ध साक्ष देतो हे ठामपणे सांगितले पाहिजे.

आजच्या जाहिरातीत आणखी एक रिकामी जागा आहे. पावसाळ्यात समोरच्या टेकडीवरून घेतलेले, धबधब्यासह हिरव्या नालाकृती डोंगराचे छायाचित्र प्रत्येक पर्यटन पत्रिकेत असते आणि त्यात बहुधा एकही माणूस नसतो. फर्दापूरच्या फाट्यावर स्फटिक आणि रंगीत दगड विकणारे, वृद्धांना डोलीतून वर नेणारे, लेण्यांत दिवा धरून कथा सांगणारे, लेणापूर आणि अजिंठा गावचे लोक या प्रतिमेतून गाळले गेले आहेत. गिलच्या काळात तो माणूस निदान मोजमापापुरता चौकटीत होता. भिंतीवर राजांइतक्याच काळजीने व्यापारी, भिकारी, शिकारी आणि सेवक रंगवणाऱ्या लेण्यांची जाहिरात माणसांवाचून व्हावी हे त्या चित्रांच्या वृत्तीशी विसंगत आहे. दिवाळी अंकांच्या आणि पर्यटन पत्रिकांच्या संपादकांना एवढे तर आजच करता येईल : अजिंठ्याचे चित्र छापताना लेण्याचा क्रमांक, भिंत, कथेचे नाव आणि मूळ चित्राचा किती भाग येथे घेतला आहे ही नोंद द्यावी, छायाचित्र कोणत्या वर्षाचे आणि कोणी घेतलेले ते लिहावे, आणि चौकटीत उभ्या असलेल्या जिवंत माणसाचे नाव, त्याची संमती असेल तर, त्या ओळीत घालावे.