कुठपर्यंत कळलं?

मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाची तीन मुलं डोळ्यांसमोर आणा. एकीला संख्याशास्त्राची धास्ती. प्रमाण विचलन म्हटलं की तिची वही मिटते. दुसऱ्याचं गणित चोख, पण दोन गोष्टींत सहसंबंध दिसला की लगेच एकीला दुसरीचं कारण ठरवून मोकळा होतो. तिसरी मराठी माध्यमातून आलेली. संकल्पना कळते, पण इंग्रजी संज्ञेपाशी पेन थांबतं. तिघांना एकच धडा एकाच वेगानं शिकवला, तर प्रत्येकाचं अडलेलं तसंच राहतं. निकालानंतर शेरा मात्र एकच मिळतो, 'अभ्यास कमी पडला.'

यावर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली ब्राझिलिया विद्यापीठात एक पद्धत वापरून पाहिली, तीही मानसशास्त्राच्याच अभ्यासक्रमात. त्यांनी अभ्यासक्रमाचे छोटे भाग पाडले. विद्यार्थ्यानं आपल्या गतीनं एक भाग वाचायचा, छोटी परीक्षा द्यायची आणि तो पक्का झाल्यावरच पुढे जायचं. चुकलं तर गुण कापायचे नाहीत, पुन्हा परीक्षा घ्यायची. पुढे या पद्धतीत पेपर तपासायला तोच अभ्यासक्रम उत्तम पार केलेला विद्यार्थी शेजारी बसू लागला. उत्तरामागचा विचार तो समोरासमोर समजून घेई. १९७९ साली ७५ तुलनात्मक अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा या पद्धतीनं शिकलेली मुलं अंतिम परीक्षेत सरस ठरल्याचं दिसलं. एक उणीवही दिसली. गती आपल्या हाती आली की चालढकल वाढते. म्हणून प्रत्येक भागाची तारीख ठरवून घेणं बरं.

'असं का लिहिलंस?' हा प्रश्न किती उपयोगी पडतो पाहा. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असं पुष्कळ मुलं लिहितात. व्याख्या पुन्हा घोकून ही चूक जात नाही, कारण 'ऋण' म्हणजे वाईट, ही समजूत आत बसलेली असते. मोटारीत पट्टा लावला की पीं-पीं थांबते, म्हणून आपण पट्टा लावू लागतो. नकोशी गोष्ट दूर झाली आणि वर्तन वाढलं, हे ऋण प्रबलन. शिक्षेनं वर्तन घटतं.

मात्र वैयक्तिक शिकवणी म्हणजे 'हा डोळ्यांनी शिकतो, ती कानांनी शिकते' अशी लेबलं लावणं नव्हे. अशा विभागणीनुसार शिकवल्यानं फायदा होतो, याला पुरेसा पुरावा नाही, असं मानसशास्त्रज्ञांच्या एका गटानं २००८ सालीच दाखवून दिलं.

या विषयात आणखी एक पथ्य आहे. मनोविकारांचं प्रकरण वाचताना मुलांना ती लक्षणं स्वतःतच दिसू लागतात. शिकवणाऱ्यानं ऐकून घ्यावं, निदान करू नये. गरज वाटली तर समुपदेशकाकडे पाठवावं.

घरातलं मूल 'मला कळत नाही' म्हणालं, तर 'अभ्यास कर' म्हणण्याआधी एवढंच विचारा, 'कुठपर्यंत कळलं?' शिकवणी तिथूनच सुरू होते.