जोशुआ वृक्ष आणि युक्का पतंग

अमेरिकेतील मोहावे वाळवंटात वाढणाऱ्या जोशुआ वृक्षाचे परागीभवन टेगेटिक्युला प्रजातीतील दोन लहान पतंगांवरच अवलंबून आहे. मादी मुखाजवळील विशेष अवयवांनी पराग गोळा करून त्याची गोळी डोक्याखाली बाळगते, फुलाच्या अंडाशयात अंडी घालते आणि पराग स्वतः कुक्षीवर ठेवते. मधाच्या ओढीने कीटकांकडून नकळत घडणाऱ्या परागीभवनाहून हे सर्वस्वी भिन्न होय. अळ्या काही बिया खातात. उरलेल्यांतून वृक्षाचा वंश चालतो. २०२० च्या डोम वणव्यात सुमारे १३ लाख जोशुआ वृक्ष नष्ट झाल्याचा अंदाज आहे. पुढे तेथे रोपे लावण्यात आली. मात्र पतंगांचा विचार न करणारे वृक्षारोपण अपुरेच म्हणावे लागेल; त्यांच्या अभावी ती रोपे फुलली तरी बी धरणार नाही.