युद्धकाळांतील वारसा व त्याचे वाटाडे

युद्धाच्या बातम्या आपण वाचतों त्या बहुधा किती माणसें मेलीं व किती मुलूख कोणाच्या हातीं गेला या हिशोबाच्या असतात. एखादें देऊळ, मशीद, ग्रंथालय किंवा पदार्थसंग्रहालय पडल्याची बातमी खालच्या कोपऱ्यांत येते, आणि ती वाचून शहाणा मनुष्यहि म्हणतो, माणसें मरत असतां दगडांचें काय घेऊन बसलां? हा आक्षेप पोकळ नाहीं. दगडांची थोरवी गाऊन त्याला उत्तर देतां येणार नाहीं. परंतु सीरिया देशांत मार्च २०११ पासून जें भयंकर यादवी युद्ध पेटलें, त्यांतील दोन हकीकती या आक्षेपाकडे निराळ्या बाजूनें पाहावयास लावतात. पहिली तेथील एका लहान गांवची, दुसरी त्या देशांतून परागंदा झालेल्या लोकांची.

अलेप्पो व दमास्कस यांना जोडणाऱ्या जुन्या रस्त्यावर मअर्रत अन्-नुमान नांवाचें गांव आहे. इ. स. ९७३ मध्यें तेथें अबुल अला अल्-मअर्री हा अरबी भाषेंतील थोर कवि जन्मास आला. लहानपणीं देवी येऊन त्याची दृष्टि गेली. तरुणपणीं बगदादेस राहून तो गांवीं परतला, तो पुढें जन्मभर बहुतेक घरांतच राहिला. मांस तर त्यानें सोडलेंच, पण दूध, अंडीं व मध हेहि पदार्थ दुसऱ्या जीवाच्या तोंडचे काढून घेतलेले म्हणून वर्ज्य केले. जुन्या अरबी चरित्रकारांपैकीं कांहींनीं त्याच्यावर ठपका ठेवला तो असा कीं, हा 'बराहिमां'च्या, म्हणजे ब्राह्मणांच्या, मताचा आहे! आमच्या वाचकांना या आरोपाची मौज वाटेल. १०५७ सालीं वारलेल्या या कवीचा पुतळा त्याच्या गांवीं उभा होता. फेब्रुवारी २०१३ मध्यें धर्मवेड्या सशस्त्र लोकांनीं त्याचें मस्तक उडविलें.

याच गांवांत मुराद पाशाची म्हणून ओळखली जाणारी सोळाव्या शतकांतील एक प्रशस्त सराई आहे. मध्यें चौक व भोंवतीं दगडी कमानींच्या ओवऱ्या, अशी तिची बांधणी. १९८७ पासून तींत संग्रहालय आहे. आसपासच्या डोंगराळ प्रदेशांत शेंकडों वर्षांपूर्वीं ओसाड पडलेलीं प्राचीन गांवें आहेत. त्यांना युनेस्कोनें २०११ सालीं जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. तेथील घरांच्या व चर्चांच्या मोझेइक फरशा, म्हणजे रंगीत खडे चुन्यांत बसवून केलेलीं चित्रें, उचलून आणून या ओवऱ्यांच्या भिंतींना लावलेल्या आहेत. एका फरशीवर लांडगीचें दूध पिणारे रोम्युलस व रीमस हे जुळे भाऊ दिसतात. रोमची कथा, बायझंटाईन कारागिराचा हात, तुर्की अमदानींतली सराई आणि राखणारे आजचे अरब मुसलमान! असल्या ठिकाणीं एखाद्या बंदुकवाल्यानें विचारलें कीं, 'हें आमचें कोठें आहे? कशाला ठेवायचें?', तर उत्तर देणारा मनुष्य जवळ असावा लागतो. तें उत्तर दूरच्या राजधानींतून येत नसतें.

जून २०१४ मध्यें सरहद्दीपलीकडे तुर्कस्तानांतील गाझियांतेप शहरीं एक छोटासा वर्ग भरला. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचें संग्रहालय व स्मिथ्सोनियन संस्था यांनीं सीरियांतील जाणत्या मंडळींच्या साहाय्यानें तो भरविला होता. संग्रहालयांचे जुने सेवक, पुराणवस्तूंचे अभ्यासक व साधे नागरिक हे विद्यार्थी. मोठ्या सिद्धान्तांस तेथें वाव नव्हता. बाँब पडणार हें धरून चालावयाचें आणि हलवितां न येणारी वस्तु जागच्या जागीं कशी वांचवावयाची, एवढाच पाठ. परत गेल्यावर मअर्रा येथील मंडळींनीं पाण्यानें पुढें सोडवतां येईल असा गोंद लावून मोझेइकांवर चिवट कापड डकविलें, आणि त्यापुढें वाळूच्या पोत्यांची भिंत रचली. हें सर्व आकाशांतून विमानें फिरत असतां. १५ जून २०१५ रोजीं संग्रहालयावर पिंपांत स्फोटकें भरून केलेले बाँब पडले. इमारतीची फार नासधूस झाली. पोत्यांमागील मोझेइकें मात्र बहुतेक शाबूत राहिलीं.

पोतीं, वाळू, गोंद व कापड! राजेरजवाड्यांच्या तिजोऱ्या यासाठीं लागल्या नाहींत. लागलें तें हें कीं, कोणत्या भिंतीवर काय आहे व त्याची योग्यता काय, हें जाणणारीं माणसें गांवांतच होतीं, आणि त्यांना योग्य वेळीं कोणीं तरी शिकविलें व सामान पुरविलें. शस्त्रसंघर्षांत सांस्कृतिक ठेव्याचें रक्षण व्हावें म्हणून १९५४ सालीं हेग येथें राष्ट्राराष्ट्रांचा करार झाला. १९५८ सालीं भारत व सीरिया या दोघांनींहि त्यास मान्यता दिली. या कराराचें ज्ञान सैनिकांस व शक्य तर नागरिकांसहि द्यावें, असें त्यांत कलम आहे. तें कलम कागदावर निजून राहिलें आणि खरें काम वाळू वाहणाऱ्यांनीं केलें.

अर्थ जाणणाऱ्या माणसावर संकट किती मोठें, हें त्याच वर्षीं ऑगस्टांत पल्मायरा येथें दिसून आलें. १९६३ पासून २००३ पर्यंत तेथील पुराणवस्तूंचा कारभार पाहिलेले वृद्ध विद्वान् खालिद अल्-असद यांना 'इस्लामिक स्टेट'च्या लोकांनीं ठार मारलें, व त्यांच्या देहापाशीं जो फलक लावला त्यांत 'मूर्तींचा व्यवस्थापक' हा अपराध नोंदला. ज्याला दगड बोलके करतां येतात त्याची भीति दगडांहून अधिक असते, असेंच यावरून म्हणावें लागतें.

आतां दुसरी हकीकत. २०१५ सालीं लाखों निर्वासित जर्मनींत पोंचले, त्यांत सीरियन पुष्कळ. डिसेंबरांत बर्लिनच्या संग्रहालयांनीं 'मुलतका' नांवाचा उपक्रम सुरू केला. मुलतका म्हणजे अरबींत भेटीचें ठिकाण. सीरिया व इराक येथून आलेल्या १९ जणांची पहिली तुकडी वाटाडे म्हणून तयार करण्यांत आली, आणि त्यांनीं आपल्या देशबांधवांना अरबी भाषेंत, विनामूल्य, चार संग्रहालयें दाखवावयाचीं असें ठरलें. शिकवणीचा भर पाठांतरावर नव्हता. समोरच्या मनुष्यास प्रश्न विचारावा, त्याला बोलूं द्यावें, वस्तु व त्याचें आयुष्य यांची गांठ घालून द्यावी, ही पद्धति. चाळीस मुलांच्या वर्गापुढें उभे राहिलेल्या माझ्यासारख्यास ही विद्या किती अवघड असते हें ठाऊक आहे.

त्या संग्रहालयांत अलेप्पोचा एक दिवाणखाना आहे. इ. स. १६०० ते १६०३ च्या सुमारास इसा बिन बुत्रुस या ख्रिस्ती व्यापाऱ्याच्या घरासाठीं केलेली ही रंगीत लांकडी तक्तपोशी १९१२ सालीं जर्मनांनीं विकत घेतली. तींत बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, आणि लैला-मजनूहि आहेत. एका यजमानाच्या बैठकींत हीं सर्व शेजारीं नांदत होतीं, ही गोष्ट जर्मन पंडितानें सांगणें निराळें व घरदार सोडून आलेल्या अलेप्पोकरानें सांगणें निराळें. जर्मन इतिहासाच्या संग्रहालयांत तर वाटाडे १९४५ सालच्या भग्न जर्मनीचीं चित्रें दाखवीत. पाहणारा विचारात पडे कीं, हें शहर पुन्हा उभें राहिलें, तर आमचें कां राहूं नये? अर्थात् त्याच मंडळींतून हाहि प्रश्न येई कीं, बाबिलोनचें इश्तार-द्वार बर्लिनमध्यें कसें? १८९९ पासून कोल्डेवाय यानें तेथें उत्खनन केलें व विटांचे तुकडे पेट्यांतून इकडे आले, एवढ्यानें प्रश्न मिटत नाहीं; आणि तो मोकळेपणीं विचारूं दिला हेंच मला या उपक्रमाचें भूषण वाटतें.

या वाटाड्यांना मानधन मिळे. विद्या सांगून पैसा घेऊं नये, असा संस्कार आपल्या घरांतून अद्याप आहे, आणि तो मला प्रिय आहे. परंतु तो संस्कार ज्याच्या घरीं दोन वेळची चूल पेटते त्याच्यासाठीं. ज्याचें घर, धंदा, पदव्यांचे कागद सगळें गेलें, त्यास 'देशसेवा समजून करा' म्हणणें निष्ठुरपणाचें आहे. मुलतकाला आरंभीं जर्मन केंद्र सरकारच्या लोकशाहीसंवर्धनाच्या योजनेंतून पैसा मिळाला. ब्रिटननें २०१६ सालीं सांस्कृतिक संरक्षणासाठीं तीन कोटी पौंडांचा निधि काढला, त्याच्या उद्देशांत इमारतींबरोबर स्थानिक लोकांचें शिक्षण व जनजागृति हींहि घातलीं. त्यांतूनच २०१७ मध्यें जॉर्डनमधील मफ्रक येथें सीरियन निर्वासितांना व तेथील रहिवाशांना पाथरवटाचें काम शिकविण्यास प्रारंभ झाला. त्यांत स्त्रियाहि होत्या. छिन्नी धरतां येणारा हात हा देश परत मिळाल्यावर लागणारच.

तरी परक्या पैशाचें ओझें विसरूं नये. यादवींत प्रत्येक देणगीला एक पक्ष चिकटतो, आणि ती घेणारा गांवांत 'त्यांचा मनुष्य' ठरतो. शिवाय देणारे दोन-तीन वर्षांच्या मुदतीनें देतात, दगड पडल्यावर लवकर देतात आणि माणसें शिकविण्यास उशिरा. गाझियांतेपचा वर्ग युद्ध सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षानंतर भरला. तो शांततेच्या काळांत भरला असता तर पोतीं रचणारे किती तरी अधिक मिळाले असते.

जानेवारी २०२० मध्यें सरकारी फौजांनीं मअर्रा जिंकलें तेव्हां तेथील लोक आधींच पळून गेले होते. घरें मोकळीं पडलीं, आणि ज्यांनीं कापड डकविलें तेहि विखुरले. २०२४ च्या नोव्हेंबरअखेर गांव पुन्हा विरोधी पक्षाच्या हातीं आलें, आठ-दहा दिवसांत दमास्कसची राजवट कोसळली, आणि लोक परतूं लागले. मोझेइकें आहेत, पण तीं दाखविणारे कोण, आणि त्यांचें वेतन कोण देणार, हा हिशोब आतां करावयाचा आहे.